स्थळाची उंची

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉक स्थानकाच्या जिन्यावर चौदाव्या पायरीला मी थांबलो, आणि माझी नात, पूर्वी, बोलत बोलत पुढे गेली. एवढेच घडले. मंगळवारची दुपार होती. मुलाच्या, संकेतच्या, कार्यालयात जेवून आम्ही दोघे परत निघालो होतो. महाविद्यालयातल्या एका विजेच्या मोटारीच्या चाचणीविषयी ती सांगत होती, मी ऐकत होतो, आणि तेराव्या व चौदाव्या पायरीच्या दरम्यान छातीतली एखादी झडप कोणी मिटून घ्यावी तसे झाले. हवा आत येत होती. आत आल्यावर तिचे पुढे काही होत नव्हते. मी कठड्यावर हात ठेवला, चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागलो. चष्मा पुसणे हे थांबण्याचे सभ्य कारण आहे. पूर्वी वर पोचली, वळली, आणि मी शेजारी नाही हे तिच्या ध्यानात आले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर काळजी होती, परंतु आश्चर्य नव्हते. वीस वर्षांच्या मुलीला आजोबा जिन्यात मध्येच थांबलेले दिसले, तर तिने आधी चकित व्हावे आणि मग घाबरावे, असा क्रम आहे. तिने पहिला टप्पा गाळला होता. “नो रश, आजोबा. यू आर ग्रँड,” एवढे म्हणून ती फोनमध्ये पाहू लागली, म्हणजे पाहण्याचे नाटक करू लागली, कारण पडद्यावर तिचे बोट हलत नव्हते. इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या चौथऱ्यावर, मी छत्तीस वर्षे काढली आहेत. ज्या बिघाडाने भोवतालची माणसे चकित होत नाहीत, तो बिघाड आधीच कुठे तरी नोंदवलेला असतो, हे मला कोणी सांगावे लागत नाही. डार्ट, म्हणजे इथली लोकल, आली, आम्ही बसलो, बाहेर कालव्याचे पाणी आणि काचेच्या इमारती मागे सरकल्या. मी श्वास मोजत बसलो आणि ती मला मोटारीविषयी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

त्या मोटारीचा माझ्याशी संबंध होता. पूर्वी आणि तिच्या वर्गातली आठ मुले ऑगस्टमध्ये पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरावर जाणार होती, तिथल्या लहान होड्यांना विजेच्या मोटारी बसवण्यासाठी. तीन हजार आठशे बारा मीटर उंचीवरचे ते सरोवर. सरोवराकाठच्या गावाहून त्यांना होड्यांची छायाचित्रे आली, आणि त्यांपैकी एका जुन्या होडीच्या इंजिनाची पितळी पाटी मोठी करून पाहताना पूर्वीला तिच्यावर ‘पुणे’ हे नाव दिसले. ते इंजिन मी बसवले होते. १९८६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कऱ्हाडच्या तंत्रनिकेतनाची पदविका एवढ्या भांडवलावर. घरात ही हकिकत सर्वांना पाठ होती. संकेत तर पाहुण्यांना ती माझ्याआधी सांगू लागे. मग डब्लिनजवळच्या नावन गावातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठरले, की मुले गेल्यावर आठवड्याने संकेत आणि मी मागून जायचे: तीच आगगाडी, तेच पाणी, तीच होडी. सूनबाई भार्गवी डॉक्टर आहे, नावनच्याच रुग्णालयात. तिने एवढेच म्हटले, की जाण्यापूर्वी श्वासाची एक चाचणी करून घेऊ या. जूनच्या बारा तारखेला ती झाली. काचेच्या पेटीत बसून मी सांगितल्याप्रमाणे फुंकले, रोखले, सोडले. भार्गवीने अहवाल घरी आणून पर्समध्येच ठेवला आणि कुकर लावता लावता सांगितले, “ग्रँड आहे हो बाबा सगळं.” त्यानंतर दहा दिवसांत संकेतची रजा मंजूर होईना, विमानांच्या वेळा जमेनात, तिकडे ऑगस्टमध्ये थंडी फार असते असे निघाले. आणि मग, मंगळवारच्या त्या जिन्यानंतर बुधवारी संध्याकाळी, संकेत उत्साहाने म्हणाला, “बाबा, आपण इथेच जाऊ या की. ट्रेन आणि बोट. शनिवारी. आयर्लंडमध्ये काय लेक्स कमी आहेत?” त्याचा उत्साह टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबला. भार्गवी ताटे उचलत होती. मी हो म्हणालो. जाण्याजोग्या ठिकाणी जाण्यास मी कधी नकार दिलेला नाही.

शनिवारी सकाळच्या बसने आम्ही डब्लिनला आलो आणि कॉनली स्थानकातून स्लायगोच्या गाडीत बसलो. खिडकीची जागा माझ्यासाठी राखली होती, गाडीच्या तोंडाच्या दिशेने. संकेतने पाण्याची बाटली माझ्या हाताशी ठेवली. भार्गवीने तिची जाडजूड पिशवी पायाशी घेतली आणि चेन लावली. ती चेन मी पाहिली. पिशवीत काय असावे याचा अंदाज मी केला आणि सोडून दिला. गाडी मेनूथपर्यंत कालव्याच्या कडेने गेली, मग हिरवी सपाट शेते, गाई, पुन्हा कालवा. चढ जवळजवळ नाही. रूळ जणू लेव्हल लावून टाकलेले. मला तो दुसरा मार्ग आठवत होता. आठवत होता म्हणण्यापेक्षा पायांखाली जाणवत होता. पेरूतल्या आरेकीपाहून सकाळी निघालेली गाडी संध्याकाळपर्यंत चढतच राहते. इंजिनाची पेटी त्याच गाडीच्या मालडब्यात होती. ती दुसऱ्या गाडीने पाठवायला मी तयार झालो नव्हतो आणि प्रत्येक थांब्यावर उतरून तिचे दोर तपासत होतो. तिसऱ्या थांब्यावर उतरलो तेव्हा गुडघे माझे नव्हते. नखे निळसर झाली. डब्यात एक माणूस प्राणवायूची रबरी पिशवी घेऊन हिंडत होता आणि बायका आपली पोरे त्याच्यापुढे धरीत होत्या. मला त्याने विचारले. मी मान हलवली. तो अभिमान होता की मूर्खपणा, हे मी नंतर पुष्कळदा तपासले आहे. सर्वांत उंच ठिकाणी, चार हजार चारशे मीटरच्या वर, एक लहानसे स्थानक आले, आणि त्यानंतर उतरणीला रुळांच्या दोन्ही अंगांना तळी उघडली. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये आमची गाडी. पाण्याचा रंग असा, की त्याला नाव देण्यासाठी माझ्याकडे फक्त नीळ होती, कपड्यांना घालतात ती. गुलाबी पक्षी उथळ पाण्यात उभे होते. कऱ्हाडच्या वसतिगृहात ज्याने कृष्णा आणि कोयना एवढेच पाणी पाहिले, तो मी, जगाच्या छपरावरून चाललो होतो आणि मागच्या डब्यात माझ्या हाताने तपासलेले इंजिन होते. त्या वेळी मोठ्याने हसल्याचे मला आठवते. हसायलाही हवा पुरली नाही.

“आजोबा, लुक,” पूर्वीने कोपर लावले. मलिंगार सोडले होते आणि गाडी एका सरोवराच्या अगदी काठाने धावत होती. खिडकीखाली दगड, दगडांना लागून पाणी. याचे नाव लॉख औल. संकेत म्हणाला, “बघा बाबा, पोचलो की नाही लेकला?” मी सांगितले, की याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे शंभर मीटर आहे. पूर्वी खुदकन हसली आणि म्हणाली, “हाय आल्टिट्यूड, सो. माइंड युअरसेल्फ.” तिच्या थट्टेत मी सामील झालो, कारण ती अगदीच चूक नव्हती. घरून निघण्यापूर्वी मी नकाशा वाचला होता. डब्लिनहून पश्चिमेला जाणारा कालवा या परिसरात आपल्या माथ्यावर असतो आणि त्या माथ्याला पाणी पुरवते ते हेच तळे. इथून पाणी दोन्ही बाजूंना उतरते, पूर्वेला डब्लिनकडे आणि पश्चिमेला शॅनन नदीकडे. मी हे त्यांना समजावून सांगितले. संकेत मान हलवत होता, लहानपणी गणिताच्या वेळी हलवायचा तशीच, काही तरी वेगळेच मनात ठेवून. भार्गवीने विचारले, “बाबा, थंडी वाजतेय का? जरा खिडकीपासून लांब बसता?” खिडकी उघडणारी नव्हती.

गाडी तळे सोडून पुढे गेली, पण मी त्या दुसऱ्या पाण्यावरच राहिलो. पुनोच्या धक्क्यावर आम्ही इंजिन होडीत उतरवले तेव्हा अर्धे गाव पाहायला आले होते. होडी तिथल्या सहकारी संस्थेची. नव्वद माणसे, बटाट्यांची पोती, मेंढ्या एवढे वाहणारी. संस्थेचा फिटर एउसेबिओ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, गुडघ्यापर्यंत तेलकट. मला स्पॅनिश चाळीस शब्द येत होते आणि त्याला मराठी अर्थातच एकही नाही. पाने आणि नट यांची भाषा दोघांनाही येत होती. पहिल्या चाचणीला मी भार वाढवला आणि धुराड्यातून काळा धूर निघाला. त्या स्वच्छ निळ्या आकाशात, पाण्यावर, माझा काळा धूर. धक्क्यावर जमलेल्या सर्वांनी माना वर करून तो पाहिला. इंजिन धापा टाकीत होते. एकशे वीस अश्वशक्तीची पाटी छातीवर लावून साठाचेही ओझे त्याला उचलत नव्हते. मी इंजेक्टर काढले, तपासले, पुन्हा बसवले. गाळण्या बदलल्या. इंधन सोडण्याची वेळ जुळवली. तीन दिवस गेले आणि दोष सापडेना. चौथ्या सकाळी एउसेबिओच्या बायकोने चहा आणून दिला. स्टोव्हवर तो खळाखळा उकळताना मी पाहत होतो. घाईत पेल्यात ओतून लगेच घोट घेतला, आणि जीभ वाटली तेवढी भाजली नाही. मी पेल्याकडे पाहत राहिलो. उकळता चहा आणि चटका एवढाच. इथे पाणी सत्त्याऐंशी अंशांवरच उकळते, कारण हवेचा दाबच कमी. हवाच कमी. मग इंजिनाने तरी श्वास कुठून घ्यावा? मी धावत, म्हणजे दर दहा पावलांना थांबत, होडीवर गेलो आणि कागदपत्रांची पेटी उघडली. पुण्यात भरलेल्या तक्त्यावर एक रकाना होता: स्थळाची उंची. त्यात लिहिले होते ‘४ मीटर’. ती उंची बंदराची होती, जिथे पेटी जहाजातून उतरली. पाठवणीच्या कागदावरून ती तशीच तक्त्यात उतरवली गेली होती. अक्षर माझे होते. चार हा अंक मी वरून मिटवलेला काढतो. तो चार तसाच होता.

त्या दिवशीचे मी कोणाला फारसे सांगत नाही, आणि घरातल्या हकिकतीतही तो भाग येत नाही. संकेतच्या हकिकतीत इंजिन धडधडते, लोक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात मी हिशेब केला. एवढ्या विरळ हवेत एकशे वीसचे इंजिन अठ्ठ्याहत्तरच देऊ शकत होते. त्याहून अधिक इंधन आत गेले की फक्त धूर होणार होता. मी कंपनीला टेलेक्स केला. उत्तर आले, की प्रमाणपत्र एकशे वीसचेच द्यावे, धुराचे कारण स्थानिक डिझेल असे नोंदवावे आणि परत यावे. मी ते उत्तर घडी करून खिशात ठेवले. मग इंधनपंपाचा अडसर मागे घेतला, सील केला, आणि पाटी उतरवून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली. एकशे वीसवर एक आडवी रेघ मारली आणि खाली पोलादी अंकांनी ठोकले: सात, आठ. आठ ठोकताना हातोडी घसरली, म्हणून तो दोनदा ठोकावा लागला. संस्थेच्या लोकांना मी चाळीस शब्दांत सांगितले, की चूक माझी आहे, नव्वद माणसे घेऊ नका, साठ घ्या. एउसेबिओने पाटी हातात घेतली, अंगठा फिरवला, आणि स्वतःच्या हाताने स्क्रू आवळून ती जागेवर बसवली. होडी निघाली तेव्हा धुराड्याच्या तोंडाशी हवा थोडी थरथरत होती, बाकी काही नव्हते. परत आल्यावर मुख्य अभियंत्यांनी सर्वांदेखत म्हटले, “डिप्लोमावाल्याला परदेशी पाठवलं की असं होतं. आपल्याच मालाची किंमत स्वतः खाली आणून आला.” बढतीच्या यादीत माझे नाव त्यानंतर सात वर्षे नव्हते. होडी मात्र एकोणचाळीस वर्षे चालली आहे, साठ माणसांनिशी. यापेक्षा चांगले प्रमाणपत्र माझ्या माहितीत कोणत्याही पदवीधराला मिळालेले नाही.

कॅरिक-ऑन-शॅननला उतरलो तेव्हा डब्लिनकडे जाणारा फलाट पलीकडे असल्याचे मी पाहून ठेवले; मध्ये लोखंडी पूल होता, चढायला एकोणीस पायऱ्या. अशा गोष्टी माझ्याकडून आपोआप मोजल्या जातात. धक्क्यावर पांढरी बोट उभी होती. तिचा चालक डेक्लन नावाचा लाल चेहऱ्याचा गृहस्थ. मी इंजिनाचे झाकण जिथे होते तिथेच जाऊन उभा राहिलो हे पाहून त्याने विचारले, की मी त्या धंद्यातला का. पूर्वीने परस्पर उत्तर दिले, की हे आजोबा टिटिकाकाला इंजिन बसवून आलेले आहेत. तिने ते ज्या स्वरात सांगितले, तो स्वर मी जपून ठेवला आहे. डेक्लनने शीळ घातली आणि माझ्यासाठी झाकणाशेजारची जागा मोकळी केली. बोट निघाली. नदी रुंद होत गेली, बोरूच्या बेटांमधून वाट काढत एका तळ्यात उघडली. दोन्ही काठ जवळ, हिरवे, सभ्य. मी तळहात झाकणावर ठेवला. इंजिन अर्ध्या भारावर होते, अगदी समाधानी. इथे त्याला हवी तेवढी हवा होती. माझ्या तळहातापर्यंत त्याचा श्वास येत होता आणि माझा माझ्या घशापर्यंत.

आणि तिथे वृंदा मनात आली. ती नेहमी हाताखाली काही थरथरत असताना येते. माझी पत्नी गेली त्याला चौदा वर्षे झाली. तिच्या स्वादुपिंडात काय आहे हे डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितले, आणि तिला सांगू नये असे आम्ही ठरवले. म्हणजे मी ठरवले. संकेत डब्लिनहून आला तेव्हा मी त्याला विमानतळावरूनच बजावले. भार्गवी फोनवर म्हणाली होती, “बाबा, आईंना कळायला हवं,” तेव्हा मी तिला आवाज चढवून गप्प केले. अहवाल मी माझ्या कपाटात ड्रॉइंगांच्या गुंडाळीत ठेवला. पित्ताचा त्रास आहे, पथ्याने जाईल, असे मी चार महिने रोज तिला सांगितले, आणि मी काही सांगण्यात कच्चा नाही. वृंदा ऐकून घेई. तिला तिच्या बहिणीकडे एकदा नाशिकला जायचे होते. मी म्हटले, बरी झालीस की जाऊ. शेवटच्या आठवड्यात, मी उशी नीट करत असताना, ती शांतपणे म्हणाली, “इंजिनाची पाटी बदललीत तुम्ही. माझी कोरीच ठेवलीत.” तिच्या आवाजात राग नव्हता. थोडी चेष्टा होती. मी चष्मा काढला आणि पुसू लागलो.

तळ्याच्या मध्यावर बोट मंद झाली. पूर्वी पुढच्या टोकाला उभी राहून फोटो काढत होती. संकेत आणि भार्गवी माझ्या समोरच्या बाकावर होते, पिशवी दोघांच्या मध्ये. संकेत म्हणत होता, की पुढच्या वर्षी किलार्नीला जाऊ, तिकडे तर डोंगरसुद्धा आहेत, मग स्कॉटलंड, मग हळूहळू बघू. तो एकामागून एक सरोवरे माझ्यापुढे मांडत होता, आजारी मुलापुढे खेळणी मांडावीत तशी. मी त्याला थांबवले नाही. तो स्वतःच थांबला.

“भार्गवी,” मी म्हणालो, “आकडा सांग.”

तिने संकेतकडे पाहिले. “कसला आकडा, बाबा? सांगितलं ना मी तुम्हाला, सगळं ठीक आहे.”

“ठीक हा शेरा झाला. मला शेरा नको. बारा जूनचा आकडा.”

“बाबा, आता इथे कशाला,” संकेत म्हणाला. “मजा करायला आलोय आपण. घरी गेल्यावर बोलू.”

“घरी तुम्ही बोलणार नाही. तीन आठवडे बोलला नाहीत.”

संकेतचा चेहरा बदलला. तो पाण्याकडे पाहत होता, आणि बोलला तेही पाण्याकडे पाहूनच. “हे मी तुमच्याकडूनच शिकलो, बाबा. आईच्या वेळी. एअरपोर्टवरून घरी येताना टॅक्सीत तुम्ही मला सांगितलंत, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. नाही काढला मी. शेवटपर्यंत तिच्याशी क्रिकेटबद्दल बोलत बसलो.”

इंजिन चालू होते. माझा तळहात अजून झाकणावर होता. त्याने चौदा वर्षे हे स्वतःजवळ ठेवले होते आणि मी त्याच्याकडून एकदाही मागितले नव्हते. मी म्हणालो, “ती माझी चूक होती.” हे वाक्य मी आयुष्यात दोनदा उच्चारले आहे. पहिल्या वेळी चाळीस शब्दांची स्पॅनिश होती, त्यामुळे ते सोपे गेले होते. “तिला ठाऊक होतं, संकेत. मला बोलून दाखवलं तिने. मी चूक केली, आणि ती तुझ्या अंगवळणी पाडली. आता ती पुढे न्यायची नाही.”

भार्गवीने पिशवीची चेन उघडली. आत माझ्या अंदाजाप्रमाणे बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र होते, श्वासाचा पंप होता, औषधे होती, आणि खाली पाकीट. पाकीट तिने उघडले नाही. तिला पाठ होते. डॉक्टरचा आवाज तिने लावला आणि त्या आवाजाने मला बरे वाटले. “फुप्फुसांना आतून जाळं धरलंय, बाबा. जुनं असणार, इतकी वर्षं धुरात उभे होतात. हवा आत जाते, पण हवेतला प्राणवायू रक्तात जायला हवा तो निम्माच जातो. शंभराला एक्कावन्न.” तिने माझ्याकडे नीट पाहिले. “इथे, सपाटीवर, सांभाळून राहिलात तर चालेल. पुष्कळ दिवस चालेल. तिकडे त्या उंचीवर नाही. तिकडे मी तुम्हाला पाठवणार नाही, तुम्ही रागावलात तरी.”

“एक्कावन्न,” मी म्हणालो. खिशातली वही काढली आणि लिहिले. तारीख, स्थळ, आकडा. स्थळाची उंची माहीत नव्हती. मी डेक्लनला विचारले. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, चाळीस मीटर, थोडे इकडे तिकडे. मी तो रकानाही भरला. माझा हात स्थिर होता. मला वाटले होते, की हा आकडा ऐकल्यावर काही तरी कोसळेल; पण आत जे उभे राहिले ते मला ओळखीचे होते. पाटी ठोकळ्यावर ठेवल्यानंतर पहिल्या घावापूर्वी जे वाटले होते ते. आकडा मोठा की लहान याचा त्या भावनेशी संबंध नाही. तो खरा आहे आणि आपल्या हाताने लिहिलेला आहे, एवढेच तिला लागते. मी संकेतला सांगितले, की टिटिकाकाचा माझा बेत मी रद्द करीत आहे. रजेमुळे नाही आणि थंडीमुळे नाही. एक्कावन्नमुळे. आणि किलार्नी, स्कॉटलंड वगैरे ठिकाणांची यादी त्याने मला उंचीसह करून द्यावी. जिथे जमेल तिथे मी येईन. संकेतने डोळे पुसले आणि हसत म्हणाला, “उंचीसह म्हणजे काय, एक्सेल शीटच करतो.” “कर,” मी म्हणालो. “दोन दशांशांपर्यंत.” भार्गवी हसली आणि तिने तोंड फिरवले.

पूर्वी मागे आली, भार्गवीची उघडी पिशवी तिने पाहिली, आणि तिला कळले. मी तिला शेजारी बसवून घेतले आणि फोनमधला पाटीचा फोटो काढायला सांगितला. तिने तो बोटांनी मोठा केला. घरच्या हकिकतीत नसलेला भाग मी तिला सांगितला: चार मीटर, काळा धूर, चहा, टेलेक्स. ती इंजिनिअर होणार आहे; तिला टाळ्यांपेक्षा हे कामाला येईल. आठ या अंकाला दुहेरी कड दिसते ती तिने दाखवली आणि म्हणाली, “आय थॉट दॅट वॉज रस्ट.” मी म्हणालो, ते गंजलेले नाही, हातोडी घसरली होती. तिथे गेलीस की रॉकेलच्या चिंधीने पुसून घे, घासू मात्र नको. आणि तुमच्या मोटारींच्या तक्त्यावर स्थळाची उंची कोणी भरली आहे ते परतल्यावर आधी बघ. तिने फोन खाली घेतला. मग मराठीत, र चा उच्चार आयरिश करीत, म्हणाली, “मी भरली आहे. बघते परत.” तिच्या तोंडून पूर्ण मराठी वाक्य मी गेल्या वर्षभरात ऐकले नव्हते.

स्थानकावर परतलो तेव्हा गाडीला सहा मिनिटे होती. संकेत पिशव्या घेऊन पूल चढून गेला. भार्गवी त्याच्या मागून गेली, मध्ये एकदा वळली, आणि मी हात हलवल्यावर पुढे निघाली. एकोणीस पायऱ्या. मंगळवारी चौदावीला हवा संपली होती. म्हणून मी दहावीवर थांबायचे ठरवले, आणि दहावीवर थांबलो. दम लागला नव्हता. चष्मा मी डोळ्यांवरच ठेवला. पूर्वी माझ्याबरोबर त्याच पायरीवर थांबली, फोन खिशात घालून, कठड्याला टेकून, जणू पूल पाहायलाच आम्ही इथवर आलो होतो. वरून संकेत म्हणाला, “बाबा, गाडी दिसायला लागली हां.” मला इथूनही दिसत होती, लांब सरळ रुळांवर, अजून लहान. मी पाच श्वास मोजले, पुरते, शेवटपर्यंत. मग उरलेल्या नऊ पायऱ्या चढलो, पूल ओलांडला, पलीकडच्या पायऱ्या उतरलो आणि फलाटावर पिवळ्या रेघेच्या मागे जाऊन उभा राहिलो. गाडी त्यानंतर आली.